घुसळण थांबली, 'दृष्ट' मात्र उरली!

प्रतिनिधी

चाकण : दिवेलागण झाल्यावर शेजारच्या घरी विरजण मागायला जाऊ नये, आणि कोणी मागायला आलेच तर देऊ नये, ही शिकवण महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. दूध, दही, ताक, मीठ यांपैकी काहीही तिन्हीसांजेला उंबरठ्याबाहेर जाता कामा नये. गेले तर त्याबरोबर घरची लक्ष्मीही जाते, असा त्यामागील समज. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण आणि आसपासच्या गावांत आता वाहनांचे कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले उभी आहेत. तेथे दूध प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते, लोणी कागदी वेष्टनातून येते आणि विरजणाची गरज पडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात दह्याचा डबा मिळतो. घुसळखांब तर नव्या घरांच्या नकाशातच नाही. तरीही तिन्हीसांजेचा नियम अनेक घरांत शिल्लक आहे.

हा नियम आला कोठून? लोणी या एका पदार्थाभोवती एवढे विधिनिषेध, एवढी भीती आणि एवढा जपणुकीचा भाव का गोळा झाला? या प्रश्नांचे उत्तर शोधू लागले की स्वयंपाकघरातून निघालेली वाट सह्याद्रीच्या कड्यांवर, पंढरपूरच्या राऊळात, थेट युरोपातील आयर्लंडमध्ये आणि अखेरीस महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या एका कायद्यापर्यंत जाऊन पोहोचते.

डेरा, रवी आणि घुसळखांब

आपल्याकडील लोणी युरोपातल्यासारखे थेट सायीपासून काढले जात नाही, तर विरजलेल्या दह्यापासून काढले जाते. दूध तापवायचे, कोमट झाल्यावर त्याला विरजण लावायचे, रात्रभर ठेवायचे आणि पहाटे ते दही डेऱ्यात ओतून घुसळायचे, असा हा क्रम. डेरा चुंबळीवर बसवला जाई. शेजारच्या घुसळखांबाला दोरीच्या दोन फासांत रवी उभी अडकवलेली असे. रवीभोवती गुंडाळलेली दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढली, की रवी उलटसुलट फिरू लागे. अर्धा-पाऊण तासाने आवाज बदले, रवी जड होई आणि पृष्ठभागावर लोण्याचे कण तरंगू लागत. अनुभवी बाई हा क्षण डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी ओळखी.

या क्रियेमागील विज्ञान आता सर्वज्ञात आहे. दुधातील स्निग्धांशाच्या सूक्ष्म गोलकांभोवती एक पातळ आवरण असते. घुसळण्याच्या आघातांनी ते फाटते आणि आतील चरबी एकमेकींना चिकटून गोळा होते. मात्र त्यासाठी तापमान जुळून यावे लागते. दही फार कोमट असेल तर चरबी पातळच राहते आणि गोळा बांधला जात नाही. फार गार असेल तर कण कडक होतात व परस्परांना चिकटत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात घुसळताना गार पाण्याचा आणि थंडीत कोमट पाण्याचा शिडकावा करतात. जनावर आटत आले असेल तर त्याच्या दुधातील गोलक बारीक होतात आणि लोणी निघायला वेळ लागतो. भांडे नीट धुतलेले नसेल तर नको ते जंतू वाढून विरजण बिघडते. जनावराला कासदाह, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'दगडी', झाला असेल तर दूधच घटते आणि नासते.

यातील एकही कारण डोळ्यांना दिसत नाही. कालच्याच म्हशीचे दूध, कालचाच डेरा, कालचेच हात. तरी आज लोणी येत नाही. म्हशीच्या दुधात साधारण सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे दहा लिटर दुधाची घुसळण फसली, तर सहा-आठशे ग्रॅम तुपाला मुकावे लागे. रोकड क्वचितच दिसणाऱ्या घरात हे नुकसान लहान नव्हते. नुकसान मोठे आणि कारण अदृश्य, अशा ठिकाणी मनुष्यस्वभाव एखादे दृश्य कारण शोधतो. 'कोणाची तरी दृष्ट लागली' हे वाक्य तेथेच जन्माला येते.

झाकलेले भांडे, काळा दोरा

दूधदुभत्याला दृष्टीपासून वाचविण्याचे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र जवळपास सारखेच आढळतात. दुभत्या जनावराच्या गळ्यात काळा दोरा अथवा कवड्यांची माळ बांधायची. धार काढताना परक्या माणसाने समोर उभे राहायचे नाही. दूध न्यायचे तर भांडे झाकून न्यायचे, आणि काही घरांत दुधात किंवा झाकणावर कोळशाचा लहानसा तुकडा ठेवायचा. पांढऱ्याशुभ्र वस्तूवर आधीच एक काळा डाग पडला, की पाहणाऱ्याची नजर त्या डागावर खर्ची पडते, ही त्यामागील कल्पना. तान्ह्या बाळाच्या गालावरील काजळाच्या तिटीमागे असलेलीच. जनावराने अचानक लाथा झाडल्या वा पान्हा चोरला, तर मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या.

काही नियमांत शहाणपण दडलेले दिसते. विरजण हे जिवंत जंतूंचे बीज आहे. रोजच्या दह्यातले थोडे उद्यासाठी राखून ठेवायचे, या साखळीवर घराचे दही चालत असे. रात्री दूध विरजण्याच्या वेळीच ते बीज बाहेर गेले, तर आपल्याच घरची साखळी तुटण्याचा धोका. झाकलेल्या भांड्यात धूळ आणि माश्या पडत नाहीत. अनोळखी माणसासमोर म्हैस बिचकते व पान्हा सोडत नाही, हे कोणताही पशुवैद्यक सांगेल. लोणी कढवताना त्यात विड्याचे पान टाकण्याची रीतही अशीच. पानातील द्रव्यांमुळे तूप खवट होण्याची क्रिया मंदावते, असे दुग्धशास्त्रातील प्रयोगांतही दिसून आले आहे.

परंतु सर्वच रूढींना विज्ञानाचा शेला पांघरण्याचा मोह टाळलेला बरा. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने दह्या-लोण्याला हात लावला तर ते नासते, हा समज घरोघरी होता. त्याला कसलाही आधार नाही. कोळशाच्या तुकड्याने जंतू मरत नाहीत आणि मिरच्या जाळल्याने कासदाह बरा होत नाही. उलट उपचारास उशीर होतो व जनावराचे थान कायमचे निकामी होऊ शकते.

अशा समजुतींची पद्धतशीर नोंद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झाली, हेही नमूद केले पाहिजे. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शिक्षकांकडून प्रश्नावलीच्या आधारे लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे; त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांचा इतिहास फारसा ठाऊक नाही. आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती टिपणे संपादित करून १९१४-१५ च्या सुमारास गुजरात व कोकण अशा दोन भागांत प्रसिद्ध केली आणि १९२४ मध्ये त्यावर आधारित ग्रंथ सिद्ध केला. दृष्ट, चेटूक, पशुपूजा यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत.

सातासमुद्रापलीकडील तीच भीती

हा केवळ आपल्या मातीचा विशेष आहे काय? लोण्यावरील श्रद्धांचा सर्वांत दाट गुंता आढळतो तो आयर्लंडमध्ये. तेथे १ मे या दिवशी उन्हाळ्याची सुरुवात मानली जाई, गाई हिरव्या कुरणांवर सोडल्या जात आणि लोण्याचा हंगाम सुरू होई. नेमक्या त्याच दिवशी शेजारणी मंत्राने दुसऱ्याच्या घरचे लोणी चोरतात, अशी समजूत होती. पहाटे दुसऱ्याच्या शेतातील दव कापडाने टिपून घेतले, किंवा विहिरीतील सकाळचे पहिले पाणी काढून नेले, की त्या घरचे लोणी आपल्या डेऱ्यात येते, असे मानत. चेटकीण सशाचे रूप घेऊन गाईचे दूध पिते, या कथा तर सर्वत्र प्रचलित होत्या. म्हणून त्या दिवशी घरातून दूध, मीठ किंवा चुलीतला निखारा कोणालाही द्यायचा नाही, असा दंडक होता.

आपल्या दिवेलागणीच्या नियमाशी याचे साम्य चटकन लक्षात येते. उपायही तसेच आहेत. आयर्लंडमध्ये घुसळणीच्या भांड्याखाली निखारा किंवा लोखंडी नाल ठेवीत, भांड्याला रोवन नावाच्या झाडाची डहाळी बांधीत. घुसळण चालू असताना कोणी घरात आले, तर त्याने देवाचे नाव घेऊन कामाला आशीर्वाद द्यायचा आणि दांड्याला दोन हात मारायचे. तसे न करता निघून जाणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकवाङ्मय आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना आपापल्या आजी-आजोबांकडून अशा गोष्टी लिहून आणावयास सांगितले. त्यातून जमलेली सुमारे ७ लाख ४० हजार पाने आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेली असून, त्यांत लोण्याच्या चोरीच्या हकिकती मोठ्या संख्येने आहेत.

दोन देशांचा काहीही संपर्क नसताना हे साम्य कसे? दोन्हीकडे लोणी ही घरातील विकता येण्याजोगी वस्तू होती, हे त्याचे एक उत्तर. आयर्लंडमधील कुळे लोणी विकून जमिनीचा खंड भरीत. कॉर्क शहरात १७७० मध्ये स्थापन झालेली लोण्याची बाजारपेठ पुढे जगातील सर्वांत मोठी ठरली. लोणी आले नाही तर खंड थकतो, आणि खंड थकला तर जमीन जाते. भीती होती ती याची.

टिकविण्याच्या पद्धती मात्र हवामानानुसार वेगळ्या झाल्या. थंड आयर्लंडमध्ये लोणी दलदलीच्या मातीत पुरून ठेवीत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे असे गोळे तेथे सापडले आहेत. आपल्या उष्ण प्रदेशात लोणी दोन दिवसांत आंबते. त्यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा म्हणजे ते कढवून त्यातील पाण्याचा अंश उडवून टाकणे. तळाशी बेरी राहते आणि वर येते ते महिनोन्‌महिने टिकणारे लोणकढे तूप. नुकत्याच कढवलेल्या ताज्या तुपावरूनच ताज्या बनावट बातमीला 'लोणकढी थाप' हे नाव मिळाले.

गवळी, धनगर आणि विठोबा

सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी-धनगरांचे जीवन हे या अर्थकारणाचे उत्तम उदाहरण. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे वर्णन आले आहे. डोंगरावरचे गवळी म्हशी पाळत, दूध विरजून घुसळत, ताक घरच्या जेवणासाठी ठेवीत आणि लोणी खाली खोऱ्यात नेऊन कुणब्यांकडून त्याच्या बदल्यात धान्य घेत. दूध डोंगर उतरेपर्यंत नासले असते. लोणी टिकत होते. म्हणजे एकाच डेऱ्यातून गवळ्याला दोन गोष्टी मिळत : ताकातून स्वतःचे पोषण आणि लोण्यातून वर्षाचे धान्य. अशा समाजाच्या दृष्टीने लोण्याचा गोळा म्हणजे गाठीची पुंजीच होय.

या पशुपालकांच्या देवतांचा अभ्यास गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने आयुष्यभर केला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड तालुक्यातील निमगावचा खंडोबा याच परंपरेतला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचे मूळ रूपही गवळी-धनगरांच्या देवात शोधले आहे. पहाटेच्या काकडा आरतीच्या वेळी विठ्ठलाला लोणी-खडीसाखरेचा नैवेद्य दाखवितात, यामागे कृष्णभक्तीबरोबरच ही जुनी गोपस्मृतीही असावी. चाकणपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आळंदी-देहूच्या परंपरेत गौळणी रचल्या आणि गाइल्या गेल्या, आणि कीर्तनाची सांगता काल्याने होऊ लागली. ज्या लोण्याला घरात नजरेपासून लपवायचे, तेच काल्याच्या दिवशी सर्वांच्या हातावर ठेवायचे, हा विरोधाभास विलक्षण आहे.

खुलभर दुधाचा न्याय

हा विरोधाभास सोडविणारी एक कथा मराठी घरांत श्रावणी सोमवारी सांगितली जाते. राजाने देवाचा गाभारा दुधाने भरण्याचे ठरवले आणि प्रजेला सारे दूध देवळात आणून ओतण्याचा हुकूम सोडला. घरोघरी वासरे आणि मुले उपाशी राहिली, तरी गाभारा भरेना. मग एक म्हातारी मुलांना, लेकीसुनांना, वासरांना पोटभर दूध देऊन उरलेले खुलभर घेऊन आली आणि तेवढ्याने गाभारा भरला. दुधावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न ही कहाणी स्पष्टपणे विचारते.

वसुबारसेच्या उपवासाचा अर्थही हाच. अश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची पूजा करायची आणि त्या दिवशी दूध-तूप-ताक वर्ज्य करायचे. खरवसाचा चीक शेजारीपाजारी वाटायचा, ताक मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही याचीच रूपे. 'ताकापुरते रामायण' किंवा 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' या म्हणी घडल्या, त्या ताक मागण्याची आणि देण्याची रीत सर्रास होती म्हणूनच. लोणी आपले, ताक गावाचे, असा तो अलिखित करार होता.

दोन्ही देशांच्या पंचांगांत लोण्याचे सण दुधाच्या सुगीलाच येतात, हेही लक्षणीय आहे. आयर्लंडमध्ये ते मे महिन्यात येतात. आपल्याकडे पाऊस पडून रान हिरवे झाल्यावर गोकुळाष्टमी, दहीकाला, पोळा आणि वसुबारस ओळीने येतात. भरभराटीच्या दिवसांतच ती जाण्याची भीती सर्वाधिक असते आणि ती वाटून घेण्याची सोयही तेव्हाच असते.

संशयाची शिकार

समजुतींच्या या जगाला एक काळी बाजू आहे. दृष्ट लागली असे म्हटले, की पुढचा प्रश्न येतो : कोणाची? या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या एकट्या, वृद्ध, विधवा किंवा निपुत्रिक स्त्रीच्या घराकडे बोट दाखवून दिले जाते. आयर्लंडमधील कथांत जखमी ससा धावत ज्या झोपडीत शिरतो, तेथे रक्ताळलेली म्हातारीच सापडते. आपल्याकडेही 'तिने करणी केली, म्हणून म्हैस आटली' हा आरोप एखाद्या बाईला गावातून उठवायला पुरेसा ठरत आला आहे.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात या आरोपाची थेट दखल घेतलेली आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी दीर्घकाळ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याच्या अनुसूचीत ज्या कृत्यांना गुन्हा ठरवले आहे, त्यांत अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते किंवा मंत्रतंत्राने जनावराची दूध देण्याची क्षमता नष्ट करते, असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे याचा समावेश आहे. अशा गुन्ह्याला किमान सहा महिने ते कमाल सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

घरात काळा दोरा बांधणे वा दृष्ट काढणे हा गुन्हा नाही. पण त्या दोऱ्याचे दुसरे टोक शेजारणीच्या गळ्याशी नेले, की कायदा आड येतो. श्रद्धा आणि अत्याचार यांमधील ही सीमारेषा लोण्याच्या निमित्ताने फार स्पष्ट दिसते.

डेऱ्यातून डेअरीत

घुसळण थांबविली ती मात्र कायद्याने नव्हे आणि प्रबोधनानेही नव्हे, तर दुधाच्या गाडीने. मुंबईसाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये 'दूध महापूर' योजना सुरू झाली, आणि गावोगावी सहकारी संकलन केंद्रे निघाली. सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर घालायचे, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ मोजून घ्यायचे, आणि दर दहा दिवसांनी 'दुधाचा पगार' उचलायचा, अशी नवी रीत रुळली. घरात लोणी निघेल की नाही, ही धाकधूक संपली. दूध कमी 'लागले' तर त्याचे कारण आता यंत्राच्या आकड्यात, चाऱ्यात किंवा कासेत शोधले जाते.

या बदलाचा फायदा निर्विवाद आहे. हातात नियमित पैसा आला. पण दोन गोष्टी गमावल्याही. घुसळण बाईच्या हातची होती आणि तुपाचा पैसाही बहुधा तिच्याच गाठीला राही; दुधाचे खाते मात्र अनेकदा घरच्या पुरुषाच्या नावाने निघाले. आणि सारे दूध केंद्रावर गेल्याने घरातले ताक संपले. ज्या घरी जनावरे नव्हती, त्या घरांचा फुकट मिळणारा एक पौष्टिक आधार गेला. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात म्हशीची किंमत आजही ती किती लिटर दूध देते यावर ठरते. त्या दुधातून ताक कोणाला मिळेल, याचा हिशेब आता कोणी करीत नाही.

दुसरीकडे शहरात घुसळणीने नव्या रूपात पुनरागमन केले आहे. 'बिलोना' पद्धतीने, लाकडी रवीने घुसळून केलेले देशी गाईचे तूप म्हणून बाटल्या चढ्या दराने विकल्या जातात. 'ए-टू' या शब्दाभोवती तर एक नवीच श्रद्धा निर्माण झाली आहे. वास्तविक ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातील प्रथिनाचा. तुपात जवळपास सारा स्निग्धांशच असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्याचा आदेश दिला आणि पाच दिवसांतच तो मागे घेतला. आजीच्या काळ्या दोऱ्याला हसणारा ग्राहक वेष्टनावरच्या या अक्षरांवर मात्र शंका न घेता पैसे मोजतो.

तेव्हा दिवेलागणीनंतर विरजण न देण्याचा नियम पाळायचा की मोडायचा, हा प्रश्न दुय्यम आहे. तो पाळल्याने कोणाचे नुकसान होत नाही आणि मोडल्याने लक्ष्मी जात नाही. जपायचे असेल तर त्याच परंपरेतील म्हातारीचे खुलभर दूध जपावे, ताक मागणाऱ्याला परत न पाठविण्याची रीत जपावी. सोडायचे असेल तर लोणी आले नाही म्हणून शेजारणीकडे वळणारे बोट सोडावे. गोठ्यात दूध कमी झाले तर पहिला निरोप पशुवैद्यकाला जावा. गावात कोणा बाईवर करणीचा आळ घेतला जात असेल, तर तो पोलिसांना कळवावा. तो गुन्हा आहे, हे त्या बाईलाही ठाऊक असणे आवश्यक आहे.